पावसाळी ट्रेकसाठी बूट: हंटर, वॉटरप्रूफ की साधे जाळीचे?

पायवाट_चुकलेला

मंडळी, बूट घ्यायचेत आणि दुकानं बघून डोकं भंजाळलंय. तपशील देतो, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

वजन ८४ किलो, पाठीवर ८-९ किलोची सॅक. पाऊल चवड्यात रुंद. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवला तर आतली कमान जवळजवळ दिसतच नाही, म्हणजे सपाट पाऊल. सध्या ८ नंबरचे रनिंग शूज वापरतो. उतारावर अंगठ्याची नखं पुढे आपटतात आणि चढावर टाच बुटात वर-खाली होते. दोन्ही एकाच बुटात कसं होतं हेच कळत नाही.

बेत असे: जुलैत राजगड-तोरणा, एक मुक्काम. ऑक्टोबरअखेर टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा. बजेट सहा हजार.

एकाच जोडीत हे सगळं भागेल का? वॉटरप्रूफ घ्यावेत का? घोटा मुरगळू नये म्हणून उंच बूट लागतातच का? आणि गडावर बरेच जण हंटर बूट (घोट्याच्या वरपर्यंतचे कॅनव्हासचे) घालतात, ते खरंच चालतात की नुसतेच स्वस्त म्हणून?

---

घाटमाथा

ब्रँड, मॉडेल सगळं नंतर. आधी पाऊल मोजा. बहुतेक तक्रारी बुटाच्या नसतात, मापाच्या असतात.

संध्याकाळी मोजा, दिवसभर उभं राहून झाल्यावर. सकाळचं पाऊल आणि संध्याकाळचं पाऊल यांत फरक पडतो आणि ट्रेकवर तुमचं पाऊल संध्याकाळसारखंच असणार आहे. ट्रेकला घालणार तेच मोजे घाला. भिंतीला कागद टेकवा, टाच भिंतीला, पूर्ण वजन पायावर, आणि पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. अंगठाच सर्वांत लांब असतो असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खुणा. दोन्ही पाय मोजा. जो मोठा त्याच्या मापाने बूट घ्यायचा, लहान पायाला पातळ इनसोल (बुटातली काढता येणारी गादी) घालून जागा भरता येते. उलटं करता येत नाही.

आता तुमच्या कोड्याचं उत्तर. नखं आपटणं आणि टाच उचलणं एकाच बुटात होतं, कारण टाच जागेवर धरलेली नाही. चढावर ती वर उचलते आणि उतारावर तेच मोकळं पाऊल पुढे घसरून बोटं टोकावर आदळतात. दोन कारणं शक्य आहेत. एक, बूट लांबीला कमी आहे. दुसरं, चवड्याला अरुंद पडतो म्हणून तुम्ही नाड्या सैल बांधता आणि टाच सुटते. रुंद पायवाल्यांचं बहुधा दुसरंच असतं.

अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात. ही चूक करू नका. रुंदी मिळते खरी, पण बूट जिथे वाकतो ती जागा तुमच्या चवड्याच्या पुढे सरकते. मग प्रत्येक पावलाला बूट एका ठिकाणी वाकतो आणि पाय दुसऱ्या ठिकाणी, बोटांच्या वरच्या बाजूला घडी टोचत राहते, आणि टाच आणखी सैल. रुंद पाऊल असेल तर ‘वाइड’ साच्याचा बूट शोधायचा, मोठा नंबर नाही.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बुटातला इनसोल बाहेर काढा आणि त्याच्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला बरोबर बसवा. पुढे १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीच्या साधारण निम्मं, मोकळं दिसायला हवं. चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट परत ठेवा. कितीही आवडला तरी.

मग बूट घाला, नाड्या न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट आत गेलं पाहिजे. दोन गेली तर मोठा. नाड्या बांधून जिन्यावरून चार-पाच वेळा उतरा, किंवा दुकानात उताराची फळी असेल तर तोंड खाली करून उभे राहा आणि पाय जोरात आपटा. एकदाही बोट टोकाला लागलं तर ट्रेकवर हजार वेळा लागेल. चढताना टाच तीन-चार मिलिमीटर उचलली तर चालतं, नवा बूट मवाळ झाला की ते कमी होतं. एक सेंटिमीटर उचलली तर फोड नक्की.

निदान वीस मिनिटं बूट पायात ठेवा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

---

काळा_कातळ

मापाचं वरती आलंच आहे. मी सोल आणि वॉटरप्रूफ यावर लिहितो, कारण सह्याद्रीत पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथे.

वॉटरप्रूफ बूट म्हणजे आतून मेंब्रेनचा, म्हणजे पातळ जलरोधक पडद्याचा, मोजा शिवलेला असतो. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते, अशी कल्पना. पण वाफ आपोआप बाहेर जात नाही. बुटाच्या आतल्या हवेत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती ढकलली जाते. थंड, कोरड्या हवेत हे छान चालतं. जुलैत गुंजवण्याहून चढताना बाहेरची हवा आधीच पाण्याने गच्च भरलेली असते, त्यात बुटाचं वरचं कापडही भिजून बसलेलं. मग वाफ जाणार कुठे? पाय स्वतःच्याच घामाने भिजतो.

त्यात पाणी खालून येतच नाही. ते पोटरीवरून ओघळत, मोज्यातून झिरपत वरून येतं. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरलात की बूट बादलीसारखा भरतो, आणि जे मेंब्रेन पाणी आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर असा बूट सकाळपर्यंत वाळत नाही. कोरड्या हवेतसुद्धा त्याला एक-दीड दिवस लागतो.

म्हणून पावसाळ्यासाठी जाळीचा किंवा कॅनव्हासचा बूट, ज्यातून पाणी शिरतं आणि चालताना फचाफच करत दहा-पंधरा मिनिटांत बरंचसं निघूनही जातं. पाय भिजणार हे आधीच मान्य करायचं. प्रश्न कोरडं राहण्याचा नाही, पाणी साचू न देण्याचा आहे.

आता पकड. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट. कोरडा असताना त्याच्यावर जवळपास कुठलाही बरा सोल धरतो. ओला झाला की फरक कळतो. लोक सोल उलटा करून खोल खाचा बघतात आणि खूश होतात. खोल खाचा चिखलासाठी, घसाऱ्यासाठी (सुट्या खड्यामातीच्या उतारासाठी). ओल्या गुळगुळीत कातळावर मात्र जितकं रबर दगडाला टेकेल तितकी पकड, आणि रबर जितकं मऊ तितकं ते दगडाच्या बारीक खडबडीत बसतं. खाचांचे टोकदार, विरळ सुळके असलेला बूट चिखलात राजा आणि ओल्या पायरीवर घसरगुंडी. आपल्याला मधला हवा: ४ ते ५ मिलिमीटर खोल खाचा, चिखल अडकून बसणार नाही इतक्या लांब-लांब, पण चवड्याच्या पुढच्या भागात सपाट रबर भरपूर.

रबर ओळखायची साधी पद्धत. अंगठ्याचं नख सोलच्या सुळक्यात दाबा. किंचित खूण उमटून परत भरून आली तर ठीक. नख सरकलंच आणि फरशीवर आपटल्यावर टक्क असा प्लास्टिकसारखा आवाज आला तर पावसाळ्यात तो बूट नको. टाचेचा ठोकळा पुढच्या भागापासून थोडा वेगळा, उभ्या कडेचा असावा. घसाऱ्यावर ब्रेक तोच लावतो आणि कळसूबाईसारख्या लोखंडी शिडीवर पाऊल टेकवायलाही तोच कामाला येतो.

नवा कोरा बूट थेट गडावर नेऊ नका. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला बुळबुळीत थर नव्या सोलवर राहिलेला असतो. तीन-चार किलोमीटर डांबरावर चाला, नाहीतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सोल हलका घासून घ्या.

आणि शेवाळ. हिरवं, काळं, कुठलंही. त्याच्यावर कुठलाच बूट धरत नाही, किंमत कितीही असो. तिथे पाऊल सपाट, वजन सरळ खाली, पाऊल लहान, आणि शक्यतो दगडाची फुटकी, खडबडीत कड शोधायची. ऑगस्टमध्ये कातळकोरीव पायऱ्यांवर ते जाड झालेलं असतं, जूनच्या पहिल्या पावसात तितकं नसतं.

---

दवबिंदू

काळा_कातळ, पावसाळ्याचं शंभर टक्के पटलं. पण मेंब्रेनला इतकंही बाद करू नका. ऑक्टोबरअखेर पहाटे माथ्यावरच्या पठारावर कमरेएवढं गवत दवाने निथळत असतं. वरून पाऊस नाही, हवा थंड, पाणी फक्त बाहेरून घासतंय. तिथे मेंब्रेनचा बूट तीन तास पाय कोरडा ठेवतो.

जाळीच्या बुटाचा मोठा शत्रूही त्याच दिवसांत: कुसळं. वाळलेल्या गवताची कुसळं जाळीतून आत घुसतात, मोज्यात अडकतात आणि चालता चालता खोल जातात. बाहेरून दिसत नाहीत, हाताने ओढून निघत नाहीत. पावसाळा संपल्यावर जाळीच्या बुटावर निदान छोटा गेटर (बुटाच्या तोंडावरून पायाला गुंडाळायचं कापडी आवरण) तरी लावा. पोटरीपर्यंतचा जाड कापडी गेटर असेल तर फुरशाच्या बाबतीतही थोडी भर पडते. हा साप जमिनीलगत बसतो आणि चावा बहुधा पावलाला किंवा घोट्याजवळच होतो. अर्थात गेटर म्हणजे चिलखत नव्हे. गवतात काठी आपटत चालणं आणि दगडाच्या सांदीत न बघता पाय न घालणं हेच खरं.

---

पायवाट_चुकलेला

डोळे उघडले. मोजलं: डावा २६४ मिमी, उजवा २६८. चवड्याची रुंदी दोन्हीकडे साधारण १०६. म्हणजे आतापर्यंत डाव्या पायाने नंबर ठरवत होतो बहुतेक. यावरून कुठला नंबर? ऑनलाइन घेतले तर तक्त्यात यूके, यूएस, युरो तिन्ही दिसतात.

---

घाटमाथा

२६८ धरा. यूकेचा एक पूर्ण नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर सव्वाचार. युरोचा एक नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरला थोडा कमी. यावरून लक्षात येईल की ‘अर्ध्या नंबराने काय होतंय’ म्हणणं बरोबर नाही. नखांपुढची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा अर्ध्या नंबरात जाते.

तुम्ही यूके साडेआठपासून सुरुवात करा आणि नऊही घालून बघा. आठ नक्कीच नाही. आपल्याकडे खोक्यावरचा नुसता ‘८’ किंवा ‘९’ बहुधा यूके असतो. पुरुषांच्या बुटात यूएस नंबर त्यापेक्षा साधारण एकाने मोठा येतो. यूएस ९ मागवून यूके ९ समजून बसलेले कमी नाहीत, त्यांचा बूट एक नंबर लहान निघतो. तक्त्यात सेंटिमीटरही दिलेले असतील तर ते पावलाची लांबी आहे की बुटाच्या आतली, हे वाचून घ्या. काही जण एक देतात, काही दुसरी.

सपाट पावलासाठी आधी बुटाचा कणा बघा. एका हातात टाच, दुसऱ्यात टोक धरून ओलं फडकं पिळतात तसा बूट पिळा. सहज पिळला गेला तर मध्यभागी पट्टी नाही किंवा नावालाच आहे. ८४ अधिक ९ किलो त्याच्यावर टाकले की तळवा संध्याकाळी दुखणार. मग टोक वर दाबा. बूट चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मध्यभागी नाही. टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबा, कडक लागला पाहिजे. रनिंग शूज मुख्यतः पहिल्या चाचणीत नापास होतात.

बुटाबरोबर येणारे इनसोल जवळजवळ सगळेच फोमची चकती असतात. टाचेला खोलगट कप असलेला, कमानीखाली जरा घट्ट असा इनसोल वेगळा घ्या. पण जुना काढून, त्याच्यावर नाही. दोन थर झाले की पाऊल वर उचललं जातं, टाच कपाबाहेर येते आणि पुन्हा तीच रडकथा. नव्या इनसोलसकटच बूट घालून माप ठरवा. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तासच वापरा, कमानीला एकदम आधार मिळाला तरी ती दुखते.

नाड्यांचं एक तंत्र शिकून घ्या, फुकट आहे. पावलाच्या वळणावर, जिथे घोट्याची घडी पडते, तिथे दोन्ही नाड्या एकमेकींभोवती दोनदा फिरवून आवळा. खालचा भाग आणि वरचा भाग असे दोन कप्पे होतात. आता चवड्यावर सैल आणि टाचेवर घट्ट असं बांधता येतं. रुंद पायाला हेच हवं. चढताना घोट्याजवळ जरा ढिलं, उतरायला लागण्याआधी थांबून टाच मागे ठोकून परत आवळायचं. तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना नखं काळी होतात त्यांतले निम्मे लोक वर माथ्यावर नाडीला हात लावत नाहीत.

पावलाच्या वरच्या बाजूला एखाद्याच ठिकाणी टोचत असेल तर तेवढ्या दोन छिद्रांमध्ये नाडी आडवी न नेता सरळ वर न्या. दाब जातो.

---

सुई_दाभण

हंटर बुटाबद्दल कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, नाव मात्र बुटाला चिकटून राहिलं. मूळ हा फौजी जंगल बूट. कॅनव्हास, घोट्याच्या वरपर्यंत, खाली साच्यातून काढलेला रबरी सोल. हजाराच्या आत मिळतो. चिखलात पकड चांगली, काटा सहसा आरपार जात नाही, पाणी झरझर निथळतं, कुसळं जाळीच्या मानाने कमी घुसतात. तुमच्या जुलैच्या बेताला वाईट नाही.

दोष दिसत नाहीत पण आहेत. आतून सपाट फळी. टाचेला कप नाही, मध्यभागी कणा नाही. सपाट पाऊल आणि ९३ किलो म्हटल्यावर सहा-सात तासांनी टाच आणि कमान बोलायला लागणार. म्हणून इनसोल घालायचाच, आणि चार-पाच मिलिमीटरच्या इनसोलची जागा धरून अर्धा नंबर मोठा घ्यायचा. आतल्या बाजूने शिवणी हाताने चाचपून बघा, विशेषतः करंगळीजवळ आणि टाचेच्या मागे. जाड गाठ लागली तर दुसरी जोडी मागा. एकाच नंबरच्या दोन जोड्यांत शिवण वेगळी निघते. सोलचं रबर लॉटप्रमाणे कमी-जास्त कडक येतं, वरती सांगितलेली नखाची चाचणी इथे विसरू नका. कॅनव्हास ओला झाला की जड होतो आणि थोडा आखडतो, त्यामुळे कोरडा असताना जेमतेम बसणारा बूट भिजल्यावर आवळेल.

आता शिलाई. नवा बूट घेतल्या घेतल्या मोच्याकडून सोल शिवून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. सरसकट करू नका. सोलची रबरी भिंत बुटाच्या अंगावर बाहेरून वर चढलेली असेल, तर त्या भिंतीतून जाड नायलॉनच्या मेणलेल्या दोऱ्याने शिवता येतं आणि खरंच आयुष्य वाढतं. टाके सात-आठ मिलिमीटरवर, खाचेत बसलेले, म्हणजे दगडाने घासत नाहीत. पण ज्या बुटात वरचा भाग आणि सोल यांच्यामध्ये जाड फोमचा थर आहे, तो शिवला तर दोरा फोम कापत जातो, महिन्याभरात तिथेच चीर. मेंब्रेनचा बूट तर मुळीच नको, प्रत्येक टाका म्हणजे एक भोक.

हा मधला फोम कुठला तेही विचारा. ईव्हीए हलका, पहिल्या दिवशी गुबगुबीत, पण जड माणसाखाली लवकर दबतो आणि परत फुगत नाही. पीयू जरा जड, दाबाला टिकाऊ. पण पीयूला हवेतली ओल खाते. रासायनिक बंध तुटत जातात, बूट वापरा की माळ्यावर ठेवा. पाच-सात वर्षांनी बाहेरून कोरा करकरीत दिसणारा बूट ट्रेकच्या दुसऱ्या तासाला सोल सोडतो आणि आतून ओल्या बिस्किटासारखा भुगा निघतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणखी लवकर. म्हणून सेलमध्ये स्वस्त मिळालेल्या जोडीची बनावटीची तारीख बघा, बहुधा जिभेच्या आतल्या पट्टीवर छापलेली असते. जुन्या बुटाच्या फोमवर ट्रेकच्या आठवडाभर आधी अंगठा जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा कण सुटले तर तो गडावर न्यायचा नाही.

वाटेत सोल उघडलाच तर ओल्या बुटाला टेप चिकटत नाही. सॅकमध्ये २०-२५ सेंटिमीटरचे सहा केबल टाय ठेवा. दोन जोडून एक वळसा होतो. एक वळसा चवड्यावरून, एक कमानीच्या खाचेतून, गाठ वरच्या बाजूला. टाचेखालून नको, ती पहिल्या दगडात तुटते.

घरी चिकटवताना जुना गोंद पूर्ण खरवडा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खडबडीत करा, दोन्हीकडे रबर अ‍ॅडहेसिव्हचा पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला चिकट ओढ जाणवेल पण गोंद बोटाला लागणार नाही इतपत सुकल्यावरच दाबा. ओला गोंद घाईने दाबला की आतला द्रव अडकतो आणि तो जोड कधीच धरत नाही. मग चोवीस तास वजनाखाली.

वाळवताना उन्हात, चुलीजवळ किंवा बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवू नका. गोंद उष्णतेने मऊ होतो. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदला, पंख्याखाली सावलीत.

---

पोटरी_आणि_घोटा

घोट्याचा प्रश्न राहिला.

उंच बूट घोटा वाचवतो, हे अर्धसत्य आहे. पाऊल आत वळून घोट्याची बाहेरची बाजू ताणली जाते, ते अगदी क्षणात. मऊ जाळीची उंच कॉलर त्या जोराला अजिबात अडवत नाही, ती फक्त आधार असल्याचा भास देते. कॉलर कडक असेल आणि वरच्या हूकपर्यंत घट्ट बांधलेली असेल तरच काही फरक पडतो. उंच बूट घालून वरचे दोन हूक मोकळे सोडणारे खूप, त्यांनी कमी उंचीचा घेतला असता तर निदान वजन वाचलं असतं. बुटातले शंभर ग्रॅम दमवण्याच्या बाबतीत पाठीवरच्या पाचशे ग्रॅमच्या आसपास जातात.

उंच कॉलरचा खरा फायदा वेगळा आहे: हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या मोठ्या धोंड्यांत घोट्याचं हाड आपटत नाही, काटे लागत नाहीत, घसाऱ्याचे खडे आत येत नाहीत. याच्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

मुरगळणं टाळायचं तर पोटरी आणि घोट्याभोवतीचे स्नायू. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, दोन्ही पाय तीन-तीन वेळा. आठवडाभराने तेच डोळे मिटून. जिन्याच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली, १५ चे तीन. जुलैपर्यंत सहा आठवडे मिळाले तरी फरक कळेल. आधी मुरगळलेला घोटा असेल तर हे टाळूच नका, तोच परत मुरगळतो.

फोडांबद्दल. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. कातडी मोज्याला चिकटून एका जागी राहते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकतं, त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात. ओली कातडी जास्त चिकटते. म्हणून सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात. नायलॉन-पॉलिस्टर मिश्रणाचे किंवा बारीक लोकरीचे घ्या, टाचेला घट्ट बसणारे. गरम ठिपका जाणवला की त्याच क्षणी थांबा, ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ नको. कातडी कोरडी करून मायक्रोपोर टेप, कोपरे गोल कापून, सुरकुती न पडू देता. टेप लावायची जागा तेलकट नको. नखं ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा, कडांना गोलाई देऊ नका.

पावसाळ्यात चिखल्या होणाऱ्यांनी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा आणि मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पाय पुसून, बेचक्या कोरड्या करून, प्लास्टिकमध्ये जपलेले कोरडे मोजे. ते मोजे फक्त झोपायचे, सकाळी परत कालचेच ओले चढवायचे. नको वाटतं, पण पाच मिनिटांत ते गरम होतात. मधुमेह असेल, तळव्याला बधिरपणा असेल तर नव्या बुटाने लांब चालू नका आणि दर थांब्याला पाय डोळ्यांनी तपासा, दुखण्यावर भरवसा नको.

---

काळा_कातळ

एकाच जोडीत भागेल का, त्याचं उत्तर: नाही, आणि बजेटात दोन बसतात. सहा हजारांतले पावसाळी जोडीवर हजार-पंधराशे. हंटर किंवा मऊ रबराचे जाळीचे, त्यात बरा इनसोल. उरलेल्यात मध्यम उंचीचा मेंब्रेनवाला, वाइड साच्याचा, जो हरिश्चंद्रगडाला मवाळ करून घ्यायचा आणि केदारकंठ्याला न्यायचा. टोलार खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे, तिथे नव्या सोलची पकड तपासून होईल.

केदारकंठा ३,८१० मीटर, डिसेंबरात बर्फ. तिथे मेंब्रेन हवंच, कारण हवा थंड-कोरडी आणि बर्फ वितळून बाहेरून भिजवतो. मायक्रोस्पाइक (बर्फावर पकडीसाठी बुटावर चढवायच्या दातेरी साखळ्या) लावायचे तर सोल जरा कडक हवा. मऊ बुटावर स्पाइकचं रबर पावलाला आवळतं आणि साखळ्या सरकतात. गेटर आणि स्पाइक पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. एक मात्र: थंडी म्हणून दोन जाड मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एकच जाड लोकरीचा मोजा, आणि तो घालूनच त्या बुटाचं माप. साडेआठ की नऊ हा प्रश्न तिथेच सुटेल.

---

पायवाट_चुकलेला

जाऊन आलो. इनसोल काढून उभं राहायची चाचणी लावली तर सात जोड्यांपैकी पाचांत चवडा बाहेर! मेंब्रेनवाला वाइडमध्ये नऊ बसला, लोकरी मोज्यासकट पुढे ११ मिमी. साडेआठ उतारावर एकदा लागला म्हणून सोडला. हंटर नऊ नंबरचा, सपाट इनसोल काढून कपवाला टाकलाय. फक्त हंटरच्या नाड्या सुती आहेत आणि दोनदा गुंडाळायचं ते तंत्र करायला तोकड्या पडतात. कुठल्या घेऊ?

---

सुई_दाभण

सुती नाडी भिजली की फुगते, गाठ सुटत नाही आणि चिखलाने कुजते. पॉलिस्टरची गोल विणीची घ्या, पण फार गुळगुळीत नको, गाठ सरकते. छिद्रांच्या जोड्या मोजा: पाच-सहा असतील तर १२० सेंटिमीटर, सात-आठ असतील तर १५०, आणि दुहेरी वळशासाठी आणखी दहा-पंधरा धरा. टोकाची प्लास्टिकची टोपी निघाली तर लायटरने नाडी वितळवून गोल करा, पण बोटांनी दाबू नका, चटका बसतो. एक जास्तीची नाडी सॅकमध्ये टाका.

---

पायवाट_चुकलेला

हंटरला आठ जोड्या आहेत. १६० ची घेतो. रविवारी आधी टेकडीवर नेऊन बघतो, इनसोलसकट.